भिंत अजून ओली आहे

पलंग भिंतीला टेकला तेव्हा टक् असा आवाज झाला. झालं ते एवढंच. दुकानाची दोन माणसं पलंग जोडून, पुठ्ठे आणि थर्मोकोल काखोटीला मारून निघून गेली होती. नवऱ्याने गादीवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं होतं, आणि चार वर्षांच्या लेकीने चपला दोन दिशांना उडवून गादीवर उडी मारली होती. "मी झोपले!" लेकीने जाहीर केलं. तिची झोपेची नक्कल ठरलेली असते. डोळे इतके गच्च मिटायचे की पापण्यांना सुरकुत्या पडाव्यात, पाय सरळ, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले. "साहेब, खोली पसंत आहे का?" नवऱ्याने विचारलं. लेकीला तो साहेबच म्हणतो. "साहेब झोपलेत," डोळे न उघडता उत्तर आलं, "उद्या या." नवरा हसला. सगळी भिंत मावावी म्हणून मागे मागे सरकत त्याने दाराच्या चौकटीला पाठ टेकवली आणि मोबाईलवर फोटो काढला. लेकीची आईही हसत होती. हसता हसता तिने त्याच्या खांद्यावरून फोटोत डोकावलं, आणि अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त असल्याचं पायाला अचानक कळावं, तसं तिचं हसू थांबलं.

फोटोत वर थोडं निळं होतं, त्याखाली हातभर गवत. गवताखाली उरलेली सगळी भिंत म्हणजे माती. मातीत मुळं, मुळांच्या खाली मुंग्यांची बिळं, एक गांडूळ, दोन बटाटे, चपटे गोल दगड. आणि या सगळ्याच्या खाली, पार तळाशी, हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून पडलेली तिची लेक.

आधी कसं दिसलं नाही? गेले कित्येक आठवडे ती ब्रश घेऊन या भिंतीसमोर उभी होती. स्टुलावर, जमिनीवर, गुडघ्यांवर. भिंतीचा वीतवीत भाग तिच्या नाकासमोरून गेला होता. पण पलंग आज आला. कागदावरच्या आराखड्यात पलंग नव्हताच. शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढणं हा तिचा घरबसल्याचा उद्योग. वनस्पतिशास्त्राची पदवी आणि बरा हात, दोन्हींची सांगड घालून चाललेला. फुलाचा उभा छेद, खोडाचा आडवा छेद, 'आकृती काढा व भागांना नावे द्या' याच्या वरची मोकळी जागा, ती सगळी तिची. जमिनीचा छेद तर तिने इतक्यांदा काढला होता की झोपेतून उठवून हातात पेन्सिल दिली असती तरी काढला असता. जमिनीची रेषा नेहमी वरच्या बाजूला, कारण धडा खालचा असतो. वर काय, एक झाड, एक ढग, संपलं. दुसरी कोणी आई असती तर चंद्र-चांदण्या काढून, फार तर एखादा हत्ती काढून मोकळी झाली असती. हिने छेद काढला. चौकटी आखून, प्रमाण वाढवून, अगदी पुस्तकातल्यासारखा. आणि पुस्तकातल्या कुठल्याही छेदात माणसाचं मूल नसतं.

मातीखाली निजवलेल्या माणसाच्या जागेला जो शब्द आहे, तो तिने मनातही उच्चारला नाही. शब्दाच्या अलीकडे थांबली, परक्या घराच्या उंबऱ्याशी थांबावं तशी. पण न उच्चारलेला शब्द जास्त जागा व्यापतो. टिंग् करून मोबाईल वाजला. फोटो गावाकडच्या आजीला गेला होता, तिचं उत्तर आलं होतं. नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं, "किती गं गोड! एकटी झोपणार माझी बाय? घाबरणार नाही ना?" आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "काय कळवू? घाबरणारी वेगळीच आहे म्हणून?"

म्हणजे आजीलाही दिसलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच. एकटी तीच ते बघत होती. अशा वेळी माणसाला वेड लागतं की अशा वेळीच माणूस शहाणा असतो, हे ठरवायला तिसरं कोणी लागतं. खोलीत तिसरं होतं ते झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं.

"ऊठ गं आता," ती लेकीला म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा आला. लेकीने एक डोळा उघडला. "ऊठ म्हटलं ना!"

"अगं, ओरडतेस काय?" नवरा म्हणाला.

"ओरडत नाहीये. तपकिरी जरा जास्तच गडद झालाय, नाही?"

नवऱ्याने मोबाईल खिशात ठेवला. त्याने भिंतीकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"दिवसाच्या उजेडात कळत नाही. संध्याकाळी बघ. एक हात फिकट मारला की..."

"नाही, झालेला नाही गडद. मस्त झालाय. आणि आज ती इथे झोपणार आहे. आपलं ठरलंय."

ठरलं होतं खरं. मागेही ठरलं होतं, त्याच्याही मागे ठरलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला स्वतःची खोली मिळाली त्या दिवसापासून लेकीने घोशा लावला होता. माझी खोली कधी, माझी खोली कधी. नवरा म्हणाला, मागची खोली रिकामीच तर आहे, सामान हलवलं की झालं. तेव्हा तीच पुढे सरसावून म्हणाली होती, अशा कोऱ्या भिंतीसमोर कसली झोपेल पोर, मी आधी चित्र काढते. सगळ्यांना आवडलं. तिला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडलं. आणि त्यात खोट नव्हती, निदान तेव्हा तरी तिला दिसली नव्हती. बागेत काडीने माती उकरत बसलेल्या लेकीने विचारलं होतं, "आई, खाली काय असतं?" त्या प्रश्नाचं उत्तर देणं हा तर तिचा धंदा. लेक टाळ्या पिटत म्हणाली, "माझ्या भिंतीवर खालचं काढ!" म्हणून खालचं काढलं. पोरीनेच मागितलं होतं, तिने फक्त दिलं होतं. हे तिने आता मनातल्या मनात दोनदा घोकून पाहिलं. उपयोग झाला नाही.

ती वर्ष-दीड वर्षाची होती तेव्हा, लेक. ताप होता, दुपार होती, आणि औषधाची मापाची टोपी सापडत नव्हती म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली होती. टोपी शोधायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला. परत आली तर पाळण्यात लेकीचं अंग लाकडासारखं ताठ, मुठी वळलेल्या, डोळे कुठेतरी वर गेलेले, ओठ पाटीच्या रंगाचे. मग ते अंग हलायला लागलं, आणि ते हलणं लेकीचं नव्हतं, आतून कुणी दुसराच हलवत होता. अनवाणी जिना उतरताना आपण काय ओरडत होतो हे तिला अजून आठवत नाही. शेजारीण सांगते की ती नुसतीच 'बघा, बघा' म्हणत होती. डॉक्टर मात्र अगदी शांत. तापातली आकडी, बऱ्याच मुलांना येते, पाच-सहा वर्षांपर्यंत ताप चढला की जपायचं, मग जाते. पुन्हा आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, आणि घाबरू नका. शेवटचं वाक्य डॉक्टर मंडळी 'दार लावून घ्या' म्हणावं तसं म्हणतात. लेक तासाभरात पेढ्यासारखी गोल होऊन झोपली. आकडी पुन्हा कधीच आली नाही. पण आलेल्या गोष्टीला निदान अंत असतो. न आलेल्या गोष्टीसाठी रोजच जागावं लागतं. तेव्हापासून रात्री तिचा उजवा तळहात लेकीच्या पाठीवर असतो. झोपेतही हाताला कळतं, पाठ वर गेली, खाली आली. नवरा एकदा म्हणाला होता, तुझा एक हात मूल झोपवतो आणि बाकीची तू जागी असतेस.

आता तो बादलीतले ब्रश मोजल्यासारखे बघत म्हणाला, "तुला काय दिसतंय, ते तरी सांग."

"काही नाही."

"मग चेहरा का असा?"

सांगायचं कसं? सांगितलं की ते खोलीत येणार. नवरा आधी 'शुभ बोल गं बाई' म्हणून हसेल, मग हसणं थांबवेल, मग त्यालाही दिसायला लागेल. दिसायला लागलं की तो दर वेळी दारातून बघताना क्षणभर थबकेल. असं एका माणसाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं म्हणजे घरातला ताप एकाने दुसऱ्याला देणं. की आपल्याला हवंय तेच? दोघं मिळून घाबरलो तर पलंग इथून हलेल.

"गवताचं काय झालं होतं, आठवतंय?" नवरा म्हणाला. आवाजात टोचणी होती, पण हलकी. आठवत कसं नव्हतं. चित्र पुरं झालं होतं. हात धुतले, ब्रश धुतले, आणि शेवटची नजर टाकताना तिला दिसलं की गवताला तिने सोटमूळ काढलंय. एकच जाड मूळ, सरळ खाली गेलेलं, मुळ्याला असतं तसं. गवताला! गवताची मुळं म्हणजे केसांसारखा झुबका, हे सातवीतलं पोर सांगेल. दर वर्षी ती ते शेकडो पोरांना शिकवणारी आकृती काढते. मग सगळं गवत खरवडून परत काढावं लागलं. खूप दिवस गेले त्यात. नवरा तेव्हा पोट धरून हसला होता, पदवी परत करून ये म्हणाला होता. तीही हसली होती. पण ब्रश पाण्यात हलवताना एक विचार तिच्या मनात येऊन गेला होता, आणि तो विचार आत्ता पुन्हा आला, पत्ता माहीत असलेल्या पाहुण्यासारखा. ती चूक झाली होती, की ठेवली होती?

"आम्ही बागेत जाऊन येतो," नवरा म्हणाला. "तोवर तू चादर घाल, उशी घाल. बास. रंगाच्या डब्याला हात लावू नकोस." दारात चपलेत पाय घालता घालता त्याने मागे वळून पाहिलं. "एक सांगू? रागावणार नाहीस? तू चित्र काढत नव्हतीस. तू पहारा देत होतीस." आणि लेकीचं बोट धरून तो निघून गेला. जिन्यावरून लेकीचा आवाज खाली खाली जात राहिला, "बाबा, बागेत बेडूक असेल? बाबा, नसला तर?"

घर एकदम मोठं झालं. तिने चादर काढली, घडी उलगडली, परत घडी केली. खोलीत रंगाचा वास अजून होता, पण शिळा. रंगाच्या दुकानातल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तासाभरात सुकतो हो, ताई, वाट बघायला नको." वाट बघायला नको म्हणाला आणि तिला ते आवडलं नव्हतं. रोज रात्री लेक विचारायची, "सुकलं?" ती भिंतीला तळहात लावायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "नाही गं. अजून ओलं आहे." लेक मुकाट आईबाबांच्या पलंगावर मधोमध जाऊन पडायची. भिंत पापडासारखी वाळलेली असायची. मग एका दुपारी ती खोलीत आली तर लेक स्टुलावर चढून, गांडुळाच्या पोटाला थर्मामीटर टेकवून, श्वास रोखून उभी. "काय करतेस?" "शू! ताप बघतेय." "कुणाचा?" "भिंतीचा. तू रोज हात लावून बघतेस ना?" थर्मामीटर वाजला. लेकीने तो डोळ्यांसमोर धरला, आकडे येत नसतानाही वाचला. "ताप नाहीये. आता झोपू मी इथे?" आणि तेव्हासुद्धा तिच्या तोंडून तेच आलं, अजून ओलं आहे. लेकीने भिंतीला स्वतःचा तळहात लावला. उलटा करून पाहिला. कोरडा ठणठणीत. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, मोठी माणसं आजाऱ्याकडे बघतात तसं. आणि म्हणाली, "हो गं. ओलं आहे."

चार वर्षांच्या पोरीने तिचं मन राखलं होतं. कुणी ओरडलं असतं, हट्ट केला असता, फतकल मारून रडलं असतं, तर तिने सहन केलं असतं. त्या 'हो गं'चं काय करावं हे तिला आजतागायत कळलेलं नव्हतं. आपण पोरीला काय शिकवलं? भिंत ओली असते हे नाही. आई म्हणेल ते ओलं असतं, हे.

तरीही तिने पांढऱ्याचा डबा उघडला. झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटलं, काडीने ढवळलं, मोठा ब्रश घेतला. पलंग हातभर पुढे ओढला आणि मध्ये शिरून, उशीच्या जागेच्या नेमकं वर, पहिला पट्टा मारला. एक मूळ गेलं. दुसरा पट्टा. अर्धा बटाटा गेला. ती भराभर हात चालवत होती, बागेतून येणाऱ्या दोन माणसांशी शर्यत लावल्यासारखी. योजना सोपी होती. खालची माती पांढरी करायची, मग त्यावर हिरवं. जमिनीची रेषा थेट फरशीपर्यंत खाली आणायची, म्हणजे पोर गवतात झोपेल, उघड्यावर, आभाळाखाली. किती लागेल? दोन हात पांढरा, दोन हात हिरवा, मग गवताची पाती एकेक. आठवडा. दोन आठवडे. छातीत काहीतरी सैल झालं, आणि ते सैल होणं ओळखून ती तिथेच थांबली. ब्रशवरून पांढरा ओघळ मनगटावर आला.

तपकिरीवर पांढरा धड बसतही नव्हता. खालचं मूळ वर दिसत होतं, पट्टीतून जखम उमटावी तसं. आणि ती दाराशी जाऊन बघते तर आणखीच वाईट. आता उशीच्या वर मातीही होती आणि पांढरंही होतं, अंगावरून ओढून घ्यावं तसं पांढरं. एकदा दिसायला लागलं की प्रत्येक गोष्ट त्याच बाजूने साक्ष देते. हिरवं मारलं तरी गवत कशावर वाढतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पेरलेलं उगवतं, मातीत सगळं नुसतं झोपलेलं असतं, अशी पाठ्यपुस्तकी वाक्यंही मनात आली. तिने ती ऐकून घेतली आणि सोडून दिली. तसली वाक्यं भाषणात बरी. पलंग दुसऱ्या भिंतीला लावावा तर तिथे खिडकी, आणि खिडकीखाली वारा लागतो म्हणून ती जागा तिनेच नको म्हटली होती. मध्ये ठेवावा तर खोलीच्या मधोमध एकटा पलंग, चारी बाजूंनी मोकळा. नको, नको. तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. हात धुवायलाही न जाता ती पलंगावर बसली, आणि मग, का कोण जाणे, आडवी झाली. लेक पडली होती तशीच. फक्त डोळे उघडे ठेवले.

पलंग लहान. पाय दुमडावे लागले. तिने भिंतीकडे मान वळवली, आणि तिला माती दिसली नाही.

गांडुळाच्या अंगावरची वळी दिसली, एका वळ्यावर ब्रशचा एक केस चिकटून राहिला होता तोही दिसला. एक मुंगी दिसली, तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब झालेला. ओल्या पांढऱ्याची कड दिसली, कडेला बारीक बुडबुडे. त्यापलीकडे नजर जातच नव्हती. उशीच्या जागेवरून छेद दिसत नव्हता. गवताची रेषा बघायला मान इतकी मागे टाकावी लागत होती की घसा ताणला जात होता, आणि तिथून ती रेषा रेषा नव्हतीच, नुसता हिरवा केसाळ किनारा होता. तिने कूस बदलली. समोर दार, दारापलीकडे बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीचा पाय, त्यावर वाळत टाकलेला लेकीचा मोजा. वर छत. छताला पूर्वीच्या पंख्याचा गोल डाग. जे तिने फोटोत पाहिलं होतं ते इथे पडलेल्या माणसाला कधीच दिसणार नव्हतं. ते फक्त दारातून दिसत होतं. दारात उभं राहून बघत राहणाऱ्याला.

हे काही समाधान नव्हतं. भीती होती तिथेच होती. उद्या ताप येऊ शकतो. दारातून न दिसणाऱ्या शेकडो गोष्टी येऊ शकतात. पण गादी नवी होती, पाठीखाली घट्ट होती, आणि गेल्या दोन-अडीच वर्षांत ती अशी एकटी, हात कुणाच्याही पाठीवर न ठेवता, आडवी झाली नव्हती. उजव्या हाताला काही काम नव्हतं. तो पोटावर पडून होता, आणि तिचं तिलाच जाणवलं, तो वर जातोय, खाली येतोय. किती साधं असतं हे, कुणी न बघता चालणारं. डोळे तिने मिटले नव्हते. मिटले कधी ते कळलं नाही.

जाग आली ती आवाजाने नव्हे, वजनाने. पाठीवर काहीतरी होतं, लहान, गरम, पाच बोटांचं. ती हलली नाही. हात थोडा वेळ तिथे राहिला, तपासणाऱ्याच्या गंभीरपणाने, आणि मग निघून गेला. "झोपलीय," लेक बाबांना म्हणत होती, आपल्याला कुजबुजता येतं अशा समजुतीत. "आई इथे झोपलीय. बेडूक नव्हता हे तिला नको सांगूया." मग पलंगामागच्या फटीत खसपस झाली, आणि एकदम किंकाळी. "आई! आई गं! ओलं आहे!"

ती धडपडून उठली. लेक भिंत आणि पलंग यांच्या मध्ये उभी होती, उजवा तळहात समोर धरून. तळहात पूर्ण पांढरा. चेहऱ्यावर भीती नव्हती, दुखणं नव्हतं. होतं ते निखळ आश्चर्य, इतकी वर्षं गोष्टीत ऐकलेला राक्षस जिन्यात भेटावा तसं. "खरंच ओलं आहे, आई! बघ! खरंच!"

नवरा दारात उभा होता. त्याने भिंत पाहिली, पांढरे पट्टे पाहिले, अर्धा बटाटा पाहिला, डब्यावरचा ब्रश पाहिला. तो भांडेल असं तिला वाटलं होतं, भांडण बरं पडलं असतं. तो आत आला. पायाने चादरीची घडी बाजूला सारली, वाकून उशी उचलली आणि काखेत धरली. "चला, साहेब," तो म्हणाला. "आजही आमच्याकडेच. खोली अजून तयार नाही." आवाजात राग नव्हता, आणि रागाची जागाही नव्हती, इतका तो आवाज सपाट होता. लेकीने ओठ काढला नाही. उलट मान हलवली, समजूतदारपणे. या वेळी तर पुरावाच होता हातात.

आणि हेच हवं होतं की तिला. भिंत खरोखर ओली होती. कुणाला खोटं सांगायला नको, कुणी आपल्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायला नको. रंगाचा ताजा वास, लहान मूल, बंद खोली, कोणता बाप आणि कोणती आजी नाही म्हणेल? आज रात्री तो तळहात पुन्हा त्या पाठीवर असेल. उद्या दुसरा हात मारायचा, परवा हिरवा. सगळं रीतसर, सगळं खरं. तिला तो आठवडा डोळ्यांसमोर दिसला, आणि त्यापुढचे आठवडे, आणि लेकीची ती शहाणी मान, हलत राहणारी, सातव्या वर्षी, दहाव्या वर्षी, हो गं आई, ओलं आहे.

"थांब," ती म्हणाली.

नवरा थांबला. उशी काखेतच.

"ती उशी दे इकडे."

"अगं, वास येतोय रंगाचा."

"खिडकी उघड. तासाभरात सुकतो तो. दुकानदार म्हणाला होता." हे वाक्य पहिल्यांदाच तिने मोठ्याने म्हटलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल ती त्याची आयुष्यभर ऋणी राहायला तयार होती. "पलंग आहे तिथेच राहू दे, भिंतीपासून हातभर लांब. रात्री लोळली तरी लागणार नाही. आणि तू," ती लेकीकडे वळली, "आधी तो हात धू. कपड्यांना पुसलास तर बघ."

"पण ओलं आहे ना?" लेक म्हणाली. या वेळी तो प्रश्न होता, मन राखणं नव्हतं.

"आहे. झोपशील तोवर सुकेल. आणि नाही सुकलं तर नाही. ओल्या भिंतीने काही होत नाही."

"मग एवढे दिवस?"

नवरा खिडकीची कडी काढता काढता थबकला. तिने लेकीचा पांढरा हात मनगटाला धरला, म्हणजे रंग आणखी कुठे लागू नये. "एवढे दिवस मला भीती वाटत होती," ती म्हणाली.

लेकीने विचार केला. "कुणाची? गांडुळाची?"

"हो. तसंच काहीतरी."

"ते भिंतीतून बाहेर येत नसतं, आई," लेक म्हणाली, कीव येऊन. "चित्र आहे ते."

संध्याकाळी जेवणं झाली. लेकीने दात घासले, पाणी प्यायलं, परत पाणी प्यायलं, बेडूक नसल्याचं शेवटी स्वतःच सांगून टाकलं. पांढरा भाग सुकून करडा झाला होता आणि खालचं मूळ त्यातून अंधुक दिसत होतं. "इथे कोण राहणार?" लेकीने बोट दाखवून विचारलं. अजून ठरलं नाही, ती म्हणाली. लेक आडवी झाली. हात अंगाला चिकटवले, डोळे गच्च मिटले. तिने वाकून पांघरूण सारखं केलं, आणि हात लेकीकडे जायला निघाला, रोजच्या वाटेने, आपला आपण. तिने तो मागे घेतला. ती दाराशी आली. इथून सगळं दिसत होतं. माती, मुळं, तळाशी तिची लेक. दिसलं. दिसतच राहिलं. ती वळली आणि दार ओढून घेतलं, पूर्ण नाही, बोटभर फट ठेवून, जेमतेम एका डोळ्यापुरती.

"आई," आतून आवाज आला, झोपेचा नव्हे, चांगला जागा, हुकमी. "उजेड येतोय. पूर्ण लाव ना."

तिने पूर्ण लावलं.